कोळीगीताच्या व्हिडिओतले बंदर

नारळी पौर्णिमा जवळ आली की यूट्यूबवर नव्या कोळीगीतांची रीघ लागते. त्यांतली पाचसहा गाणी आवाज बंद करून पाहिली, तरी ही कोळीगीते आहेत हे कोणीही सांगेल. वरून ड्रोनने टिपलेली निळी खाडी, माडांची रांग, पताका लावलेली बोट, बोटीच्या नाळेवर हात पसरून उभा असलेला नायक, भरगच्च सोने घालून काष्ट्याचे लुगडे नेसलेली नायिका आणि दोघांच्या मागे वल्हे मारल्यासारखे हात हलवत डोलणारी दहाबारा मुले-मुली. हे संकेत आता इतके पक्के झाले आहेत की ते पाळले म्हणजे कोळीगीत झाले, अशी समजूत रूढ झाली आहे. संकेत असण्यात काही दोष नाही, असे मी मानतो. पण या व्हिडिओंमधून किनाऱ्यावरचे काम आणि ते काम करणारी माणसे गळून गेली आहेत, आणि चाकोरी मोडल्याचा दावा करणारे नवे व्हिडिओसुद्धा त्यांना परत आणत नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी या गोष्टीकडे केवळ करमणुकीचा विषय म्हणून पाहू नये, असे मला वाटते.

आधी संकेतांची बाजू मांडली पाहिजे. तीनचार मिनिटांच्या गाण्यात कथा उभी करायला वेळ नसतो, त्यामुळे आपण काय पाहत आहोत हे प्रेक्षकाला पहिल्या काही क्षणांतच कळावे लागते. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही हे संगीत व्हिडिओंचे चॅनेल सुरू झाले आणि थोड्याच काळात रॉक गाण्याला मंच, घाम आणि गिटार, तर नाचाच्या गाण्याला एका लयीत हलणारी नर्तकांची फळी, असे ठरल्यासारखे झाले. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ मध्ये संगीत व्हिडिओंचे विवेचन करताना प्रत्येक संगीतप्रकाराची स्वतःची दृश्यवैशिष्ट्ये असतात हा मुद्दा मांडला आणि तो ब्रिटनमधल्या माध्यम-अभ्यासाच्या वर्गांत आजही शिकवला जातो. मात्र हीच वैशिष्ट्ये दार अडवून धरण्याच्याही कामी येतात. सुरुवातीच्या काळात एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलावंत फारसे दिसत नसत, आणि त्याचे कारण विचारले की आमचे चॅनेल रॉकचे आहे, असे उत्तर मिळे. १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनच्या गाण्यांनी ते दार उघडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन लँडिस यांनी दिग्दर्शित केलेल्या सुमारे चौदा मिनिटांच्या ‘थ्रिलर’ने भयपटाचे सगळे संकेत गाण्यात आणून व्हिडिओची व्याख्याच रुंदावली. संगीताच्या प्रकाराचे नाव सांगून माणसे बाहेर ठेवता येतात, हा त्या इतिहासातला भाग मला आपल्या किनाऱ्यासाठी महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे कोळीगीत आधी कानांनी घरोघर पोहोचले. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे आवाज यांनी ते रेडिओवरून देशावरच्या आणि विदर्भातल्याही घरांत नेले. विठ्ठल उमपांसारख्या शाहिरांनी त्याला रांगडा, मोकळा गळा दिला, आणि मुंबईच्या कोळीवाड्यांतल्या मंडळींनी ते कॅसेटवर आणले. त्या काळात दर्या कसा दिसतो हे ज्याचे त्याने मनात ठरवायचे. व्हीसीडी आली तेव्हा मात्र कॅमेऱ्यापुढे काहीतरी ठेवणे भाग पडले, आणि तिथे जे ठेवले गेले ते बंदरावरून उचललेले नव्हते. ते शाळेच्या स्नेहसंमेलनातून आले होते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्यातल्या शाळेत संमेलनाला एक कोळीनृत्य असतेच. त्यासाठी लागणारी लुगडी, टोप्या, सुरके, पुठ्ठ्याची वल्ही आणि प्लास्टिकचे मासे भाड्याने देणारी दुकाने तालुक्याच्या गावीही सापडतात. त्या दुकानातला वेश आणि त्या मंचावरची पदन्यासाची पद्धत व्हिडिओत शिरली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला, गावोगाव व्हिडिओ निघू लागले, पण नमुना तोच राहिला.

या नमुन्याने किनाऱ्याचा भूगोलच पुसून टाकला आहे. व्हिडिओतला वेश हा मुंबई-ठाण्यापासून रायगडपर्यंतच्या सोनकोळी समाजाचा आहे आणि तो त्यांच्या अभिमानाचा विषय आहे, हे खरेच. पण दाभोळची खाडी ओलांडून दक्षिणेला निघाले की मासेमारी करणाऱ्या समाजांची नावे, बोली आणि पोशाख बदलत जातात. रत्नागिरी जिल्ह्यात खारवी आहेत, भोई आहेत, मिरकरवाड्यात आणि साखरीनाट्यात दालदी मुसलमान आहेत. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला गाबीत आहेत. मालवणच्या धक्क्यावर चित्रित झालेल्या गाण्यात सोनकोळ्यांचे लुगडे नेसलेली नायिका दिसते, तेव्हा ज्या गावाने आपला किनारा चित्रीकरणाला दिला त्या गावाचीच माणसे त्यात नसतात. दालदी बायकांची लग्नातली गाणी, त्यांच्या बोलीतला तो खास हेल, त्यांची घरे आणि त्यांच्या बोटी यांना तर आजवर कोळीगीताच्या पडद्यावर जागाच मिळालेली नाही. आणि मिरकरवाडा हे कोकणातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक आहे. कोळीगीत शोधणाऱ्याला यूट्यूबचे यंत्र ज्या प्रकारची गाणी पुढे करते, त्या प्रकारात बसायचे तर गाबितालाही सोनकोळ्याचा वेश चढवावा लागतो. एमटीव्हीचे ते दार मला इथे आठवते.

कामाची गोष्ट याहून मोठी आहे. व्हिडिओत अजूनही वल्ही चालतात, प्रत्यक्षात बोटींना डिझेलची इंजिने बसून कितीतरी वर्षे झाली. वल्ह्याची लय गाण्यात आणि नाचात उरली याचे मला वाईट वाटत नाही; ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या वल्हे मारले त्यांची ती स्मृती आहे आणि ती जपलीच पाहिजे. पण त्या स्मृतीच्या शेजारी आजचा एकही दिवस दिसू नये, हे खटकते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच पटेल. बोटी थोड्या आत पाण्यात थांबतात, मासळी उतरवून घ्यायला बैलगाड्या थेट लाटांत शिरतात, बैलांच्या पोटाला पाणी लागते आणि गाडीवान चाक रुतू नये म्हणून त्यांना तिरके हाकतो. ओल्या वाळूवर मासळीचे ढीग पडतात, त्यांच्याभोवती व्यापारी आणि विक्रीला नेणाऱ्या बायका कोंडाळे करतात, बोली चढत जाते आणि एका क्षणी लिलाव करणारा माणूस हात खाली आणतो. बोली जिंकलेली बाई तेवढ्यात पदराची गाठ सोडून पैसे मोजते, पाटी भरते, वर बर्फाचा चुरा पसरते आणि गाडी गाठण्यासाठी निघते. या सगळ्यात ताल आहे, रंग आहे, नाट्य आहे, चेहरे आहेत. कोणत्याही दिग्दर्शकाने हेवा करावा असा हा मंच रोज तयार असतो, आणि आपले व्हिडिओ मात्र गर्दी टाळण्यासाठी सकाळच्या रिकाम्या पुळणीवर चित्रित होतात.

वर्षाचे चक्रही पडद्यावर येत नाही. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक बोटी बंदरात असतात, अनेक होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात, अंगणा-ओसरीवर जाळी विणण्याचे आणि सांधण्याचे काम चालते, आणि घरातली पुंजी जपून वापरावी लागते. नारळी पौर्णिमेच्या नारळाला अर्थ येतो तो या थांबलेल्या दिवसांमुळे. व्हिडिओ नारळ दाखवतो, त्याआधीचे दोन महिने दाखवत नाही. त्यामुळे सण म्हणजे केवळ नाचण्याचे निमित्त, असा समज नव्या पिढीतही पसरतो. बोटीवर काम करणारे खलाशीही असेच गायब असतात. रत्नागिरीच्या बोटींवर आज नेपाळमधून आलेले कितीतरी तरुण खलाशी आहेत. नाखवा म्हणजे बोटीचा धनी, तांडेल म्हणजे बोट हाकणारा प्रमुख, आणि हे दूरदेशीचे पोरगे एकाच बोटीवर आठवडा आठवडा राहतात, एकत्र जेवतात, एकमेकांच्या भाषेतले चार शब्द शिकतात. यावर एक गाणे व्हायला काय हरकत आहे?

भांडणे तर कोणी शिवतच नाही. माशांच्या थव्याला वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, मासे उजेडाकडे ओढणाऱ्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, आणि तरीही रात्री समुद्रात प्रकाश दिसतो अशी तक्रार पारंपरिक मच्छीमार करतच असतात. सिंधुदुर्गात या प्रश्नावर समुद्रातच बोटी एकमेकींसमोर आल्या आहेत. ज्या गाण्यात दर्या हा धनी आहे, राजा आहे, माउली आहे, त्या गाण्याला दर्यातली मासळी कोण कशी ओढून नेतो हा प्रश्न परका कसा असू शकेल? जुन्या लोकगीतांत सासुरवासापासून सावकारापर्यंत सगळ्यांबद्दलची तक्रार आली आहे, आणि ती गाणी त्यामुळे कमी गोड झालेली नाहीत.

यावर मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. ही गाणी हळदीला, मिरवणुकीला, सुट्टीच्या संध्याकाळी नाचण्यासाठी आहेत. त्यांत डिझेलचा परतावा आणि जाळ्याचे नियम कोण पाहील? शिवाय गाणी करणारी मुले बहुधा स्वतःच्या खिशातून किंवा नातेवाइकांच्या मदतीने पैसे उभे करतात, कॅमेरा आणि ड्रोन एका दिवसाच्या भाड्याने येतात, भरती-ओहोटीची वेळ सांभाळून सूर्य मावळायच्या आत सगळे उरकावे लागते, आणि थंबनेलवर माड-बोट-लुगडे नसेल तर प्रेक्षक गाण्यावर बोटही ठेवत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. या मुलांबद्दल मला आदर आहे. कोणत्याही संस्थेने हात दिलेला नसताना त्यांनी आपली बोली आणि आपला ठेका जिवंत ठेवला आहे. पण आनंदाचे गाणे आणि कामाचे गाणे यांत मुळात फारकत नव्हती. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना पाहावे. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून दोन रांगांत माणसे मागे मागे सरकत असतात, एकाच वेळी जोर लागावा म्हणून कोणीतरी हाक घालतो, थट्टा चालते, जाळे जवळ येऊ लागले की पोरे धावतात, आणि शेवटी मासळीचे वाटे पडतात तेव्हा म्हातारीचा आणि लहानग्याचाही हिस्सा निघतो. यापेक्षा आनंदी दृश्य मला तरी सुचत नाही, आणि ते टिपायला ड्रोनही लागत नाही.

चाकोरी मोडली असे ज्या व्हिडिओंबद्दल हल्ली म्हटले जाते, ते पाहिल्यावर माझी निराशा अधिक होते. ठेक्यात रॅप येतो, नायकाच्या डोळ्यांवर गॉगल आणि अंगावर जाकीट येते, बोटीच्या जागी स्पीडबोट येते आणि नायिकेचे लुगडे जाऊन तोकडे कपडे येतात. मग समाजातून निषेध होतो, संस्कृतीचा अपमान झाला म्हणून पत्रके निघतात, आणि व्हिडिओ पाहणाऱ्यांची संख्या वाढते. या वादात दोन्ही बाजू कपड्यांवर भांडत राहतात. लुगड्यातली असो वा तोकड्या कपड्यांतली, नायिका बोटीवर सजावटीसारखी उभी आहे आणि तिला गाण्यात काहीच करायचे नाही, याची तक्रार कोणी करत नाही. निषेध करणाऱ्यांनीही याकडे लक्ष द्यावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, कारण कोळी, खारवी, गाबीत, दालदी यांच्या कितीतरी घरांत पैशाचा व्यवहार बाईच्या हातात असतो हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. अमेरिकेत हिप-हॉपच्या व्हिडिओंत स्त्री म्हणजे नायकाभोवतीची शोभा, हा संकेत घट्ट झालेला असताना १९९७ मध्ये रॅप गायिका मिसी इलियट आपल्या पहिल्या एकल व्हिडिओत हवा भरून फुगवलेल्या काळ्या अवाढव्य पोशाखात कॅमेऱ्यासमोर आली. दिग्दर्शक हाइप विल्यम्स हे त्याच प्रकारातले निष्णात होते. त्यांनी ठेका, भिंग, चमक हे सगळे प्रकारातलेच ठेवले आणि बाईचे शरीर निरखण्याची सोय तेवढी काढून घेतली. प्रकार ओळखू येत राहिला, पण त्यातली सत्तेची मांडणी बदलली. आव्हान म्हणतात ते याला. आपल्याकडे याच्या तोडीचे काम करायचे तर ठेका कोळीच ठेवावा, बोटही असू द्यावी, पण नायिकेच्या जागी लिलावात बोली लावणारी पन्नाशीची बाई उभी करावी आणि गाणे तिच्या तोंडी द्यावे. प्रेक्षक पाठ फिरवतील असे मला वाटत नाही. अशा बाईच्या आवाजाला बाजारात सगळे थांबतात.

कॅमेऱ्याच्या बाबतीत आपल्याला बाहेर पाहण्याचीही गरज नाही. रत्नागिरी-रायगडच्या शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे शक्ती आणि तुरा या दोन पक्षांत सवाल-जवाब रंगणाऱ्या जाखडी नाचाचे, जे व्हिडिओ गावची आणि मुंबईकर मंडळी यूट्यूबवर टाकतात, त्यांच्याकडे चित्रीकरण करणारे लोक अडाणीपणाचा नमुना म्हणून पाहतात. एकच कॅमेरा, तोही तिवईवर किंवा कोणाच्या हातात, आवाज फुटलेला, गण, गौळण, मग सवाल, मग उत्तर, असे तासन्‌तास चाललेले. मी हे व्हिडिओ मन लावून पाहतो, आणि मला त्यांत एक ठाम दृश्यपद्धती दिसते. मध्ये बसलेले शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला, त्यांच्याभोवती पायात चाळ बांधून गोल फिरणारे नाचे, आणि बाहेर प्रेक्षकांचे कडे. कॅमेरा हलत नाही, त्यामुळे प्रत्येक नाच्या फेरीत एकदा समोर येतो आणि पुढे जातो. कोणी एक नायक होत नाही. शक्तीवाल्याने टाकलेल्या सवालावर तुरेवाला विचारात पडतो तो क्षण कापला जात नाही. समोरच्या गावकऱ्याने खुशीने पुढे केलेली नोट, त्याचे नाव घेऊन शाहिराने मानलेले आभार, हे सगळे त्यात राहते. दर दोन सेकंदांनी चित्र बदलले पाहिजे, चेहरा सुंदर असला पाहिजे, गायक एकटा उठून दिसला पाहिजे, हे पॉप व्हिडिओचे तिन्ही नियम इथे मोडलेले आहेत, आणि ते व्हिडिओ मुंबईच्या चाळीत आणि आखातातल्या खोल्यांत रात्र रात्र पाहिले जातात. आवाज नीट मुद्रित करावा, एवढीच सुधारणा मला त्यांत हवी आहे. कोळीगीताच्या दिग्दर्शकाने या गोल रचनेतून शिकायचे ठरवले तर बोटीवरचा नाच नायकामागची रांग न राहता सगळ्यांचा होईल.

पैशाचा आणि श्रेयाचा मुद्दा यालाच जोडून येतो. पर्यटनाच्या प्रसिद्धीसाठी, महोत्सवांसाठी, निवडणुकांसाठीही आता कोकणावर गाणी करून घेतली जातात आणि त्यांपैकी काहींवर सार्वजनिक पैसा खर्च होतो. तिथे तरी अट घालता येईल: ज्या बंदरावर चित्रीकरण आहे तिथल्या समाजाची माणसे, बोली आणि पेहराव गाण्यात असले पाहिजेत, आणि वापरलेल्या बोटीचे दिवसाचे भाडे नाखव्याला मिळाले पाहिजे. ओळखीने बोट मिळवायची, दिवसभर अडकवून ठेवायची आणि शेवटी आभार मानून निघायचे, ही रीत बंद व्हायला हवी.

श्रेयनामावलीचे महत्त्व तर कायद्यातच आहे, आणि ते किनाऱ्यावर फार थोड्यांना माहीत आहे. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवळे, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाते. हळदीपासून पुढच्या सगळ्या विधींना तिचा गळा लागतो, तिला मान असतो. हल्लीच्या हळदीच्या व्हिडिओंत तिचा आवाज सुरुवातीला काही सेकंद घेतात, मग बँजो आणि डीजेचा ठोका सुरू होतो आणि ती दिसेनाशी होते; खाली गीतकार, संगीतकार, ड्रोनवाला, रंगभूषाकार अशी सगळ्यांची नावे येतात, तिचे येत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रफितीत ज्याचा सहभाग प्रासंगिक स्वरूपाचा आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेही दिले जात नाही, अशा व्यक्तीला कलावंत म्हणून मिळणाऱ्या बहुतेक हक्कांतून वगळले जाते. आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्यापुरताच तिचा अधिकार उरतो. म्हणजे धवलारणीचे नाव न लिहिणे हा केवळ विसराळूपणा राहत नाही, त्यातून तिचा मोबदल्याचा दावाही दुबळा होतो. व्हिडिओ करणाऱ्या मंडळांनी तिच्याशी साध्या मराठीत एक पानाचा करार करावा, त्यात तिची बिदागी आणि पुढच्या कमाईतला वाटा लिहावा, आणि तिचे नाव गायिकांच्या यादीत पहिले घालावे. रायगडातल्या ज्या गावांत आज धवलारणी आहेत, तिथल्या पंचमंडळींनी येत्या लग्नसराईपासून हा नियमच करून टाकावा. चित्रीकरणाला परवानगी द्यायची की नाही हे शेवटी त्यांच्याच हातात आहे.